ओढ्यातलं जळकं ऑइल

नव्वदच्या दशकात जाफराबादच्या स्टँडजवळ माझं जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं. आता सांगायला लाज वाटते, पण इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मी रोज दारापुढं शिंपडायचो. फुफाटा बसतो ना! शेजारचे तिघं मिस्त्रीही तेच करायचे. अंगण कसं काळंभोर, धुळीचा कण न्हाई. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. पावसात ते ऑइल कुठं जातं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

ते गटारीतून ओढ्यात जात होतं. एका वर्षी खांदमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, माझा मोठा भाऊ बैलं धुवायला ओढ्यावर गेल्ता. घरची शेती तोच बघायचा. पांढरीशुभ्र बैलं पाण्यात उतरली आणि बाहेर आली ती पोटावर तेलकट काळे पट्टे घेऊन. पाण्याला तर तोंडच लावीनात. भाऊ तसाच जोडी घेऊन गॅरेजपुढं आला आणि चारचौघांत कडाडला, "बघ तुझी करणी! वर्षातून एकदा यांचा सण, अन् तू यांना ऑइलनं न्हाऊ घातलं. ही बैलं त्या ओढ्याचं पाणी पिईपर्यंत तुझं-माझं बोलणं बंद!"

राग माझ्याही नाकावरच. एवढ्याशा ऑइलनं काय होतंय, असं पुटपुटत घरी आलो. बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिनं नकाशा पसरला. त्यात आमचा ओढा नव्हताच, तो तिनं पेन्सिलीनं काढला आणि बोट पूर्णेवरून गोदावरीवर, तिथून थेट बंगालच्या उपसागरात नेलं.

"निदान बैलांचं तरी तुम्हाला दिसलं," ती म्हणाली. "तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात काय येतंय, ते कोण सांगणार?"

"अगं, समुद्र कुठं अन् मी कुठं!"

"लांब आहे. पण उतार तिकडंच आहे."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी एक रिकामा ड्रम आणून दारात ठेवला. अंगणातली काळी माती खरवडली, तीही पोत्यांत भरली. गटार ओढ्याला मिळते तिथं खड्डा खणून वाळू आणि सुताराकडचा लाकडाचा भुसा टाकला. भुसा ऑइल धरून ठेवायचा. दर आठवड्याला बदलायला लागायचा. शेजारचे मिस्त्री हसून राह्यले होते. "या, या! समुद्राचे वॉचमन आले!" मी तर एकाच्या हातातला डबाच हिसकावला. भांडण जुंपलं, पण त्यानं ऑइल ओतायचं काही थांबवलं नाही.

आणि मंग ड्रम भरला. आता याचं करायचं काय? मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात एक बैलगाडीवाला म्हातारा आला. "मिस्तरी, चाकाच्या आकाला वंगण पायजे. डबाभर देता का?" दुसऱ्या दिवशी त्याचा जावई आला, दाराच्या चौकटीला वाळवी लागली, तिला ऑइल चोपडायचं म्हणून. बाजाराच्या दिवशी तर माझ्या दारात डब्यांची रांग! ते बघून तिन्ही मिस्त्र्यांनी जल्दी आपापले ड्रम मांडले. फुकट वाटायचं असलं तरी, आपल्याकडंच लोक यावेत, असं प्रत्येकाला वाटायला लागलं.

भाऊ मात्र बोलला नाही. दिवाळीला वहिनी फराळ घेऊन आली, हा आला नाही. जीव तुटायचा माझा.

पुढच्या खांदमळणीच्या आधी दोन दिवस धो धो पाऊस झाला. म्हणजे सगळं गाव धुऊन ओढ्यात आलेलं. सणाच्या दिवशी मी, बायको, तिन्ही मिस्त्री, सगळे काठावर. भाऊ जोडी घेऊन आला, त्यानं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. थोरला बैल पाण्याशी थांबला. हुंगलं. मान वर केली. पुन्हा मान खाली घातली आणि घटाघटा प्यायला लागला! धाकट्यानंही तोंड बुडवलं. मिस्त्र्यांनी तर शिट्ट्याच मारल्या. "जाऊ द्या आता पाणी, पार समुद्रापर्यंत," बायको म्हणाली.

भावानं जोडी घासूनपुसून धुतली, खांद्यावरचा पांढरा टॉवेल दोघांच्या पोटावरून फिरवला, उलटापालटा करून बघितला. मंग पाण्यातून वर आला आणि कासरा माझ्या अंगावर टाकला.

"बघून काय राह्यला येड्यावानी? धर! उद्या मिरवणुकीत जोडी तू न्यायची."

मी कासरा असा आवळला की थोरला बैलच मागं वळून बघायला लागला. डोळ्यांतलं पाणी पुसायला माझा हातच मोकळा नव्हता.