किसननं पाडलेलं विमान

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. मेडशीच्या स्टँडवर चहाला बसलं की रोज एखादा पदरात पडायचाच! मी शाळामास्तर, हसून घ्यायचो. काही किश्श्यांना हसलो नसतो तर बरं झालं असतं, असं आता फार वाटतं.

*

एकाहत्तरच्या लढाईत पुंडलिकदादांचा वैमानिक मुलगा मधुकर विमानासकट परत आला नाही. कागदावर नुसतं 'बेपत्ता'. दादा पलीकडच्या वाडीवरून यायचे, "जयभीम गुरुजी" म्हणायचे, आणि मी डिक्शनरी उघडून इंग्रजीत अर्ज लिहायचो. विमान कुठं पडलं? कोणी पाडलं? आठ महिन्यांनी उत्तर आलं, मुलाची सगळी माहिती पुन्हा कळवा!

दादा म्हणाले, "म्हणजे सरकारच आपल्याले इचारून राह्यलं का, पोरगं कुठं हाये?"

*

आमच्या चहाच्या टोळक्यातला किसन त्याच लढाईत विमानं पाडायच्या तोफेवर होता. दर सव्वीस जानेवारीला शाळेत त्याचं भाषण ठरलेलं. "सांजची येळ. इमान खाली आलं. देल्ला बार! आतल्याची हवाई छत्रीबी नाही उघडली!" पोरं टाळ्या पिटायची.

एकदा मी विचारलं, "किसन, विमान कोणाचं ते कसं कळलं रे?"

"गुरुजी, आपल्या आंगावर येते थे दुश्मनाचंच!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच!

*

मग मधुकरचा हवाई दलातला एक सोबती सुट्टीत मुद्दाम दादांना भेटायला आला. स्टँडवरच, आमच्या टोळक्यात बसवून चहा सांगितला. तो हळूच म्हणाला, "काका, परतताना त्याचा रेडिओ बंद पडला होता. आपल्याच तोफेनं पाडलं, असं बोलतात. पण लिहून कोणी देणार नाही." त्यानं ठिकाण सांगितलं, दिवस सांगितला, सांजची वेळ सांगितली.

किसन अर्धा चहा टाकून उठला.

"काहून रे?" दादांनी विचारलं. तो वळलासुद्धा नाही.

*

पुढच्या सव्वीस जानेवारीला दादा पहिल्यांदाच शाळेत आले आणि अगदी पुढेच बसले. हेडमास्तरांनी किसनला पुकारलं. तो माईकपाशी आला.

दादा उठले. "किसन, मी तुले काही बोलत नाही. एवढंच सांग, छत्री उघडली होती का?"

पोरांना उत्तर तोंडपाठ होतं. मी त्यांच्यावर डोळे वटारले.

किसन म्हणाला, "उघडली होती, दादा. म्या सोता पाह्यली."

दुसऱ्या दिवसापासून दादा अकोल्याहून येणाऱ्या पहिल्या गाडीला स्टँडवर येऊन बसायला लागले.