डावीकडे सिस्टर रडत होती

देव मी मानते. पण भूतखेत, नजर, करणी यातलं काही नाही. घरात कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळायला आलं तर मी उठून जाते. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी समजू नये. झालं ते असं...

मी कोल्हापूरला गुजरीच्या बाजारात सराफांचे साज, ठुशा ओवून देते. वीस वर्षं हेच काम. आणि मला डोळ्यांचा आनुवंशिक आजार आहे – डोळ्याचा पडदा कडेकडून मरत येतो. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, हाच होता. पण कुणाला पत्ताच नाही! आम्ही जैन, जेवणं दिवस मावळायच्या आत. अण्णा त्यानंतर उंबरासुद्धा ओलांडत नसत. "अण्णांचा नेम लई कडक हाय," म्हणून गाव त्यांच्या पाया पडायचं. माणसाला अंधारात दिसत नव्हतं हो... आणि आम्ही त्याचं पुण्य मोजत बसलो. मला याचा अजून राग येतो.

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या बाजू बारा वर्षांपूर्वीच गेल्या. उरलंय ते मधलं, वाटीएवढं. त्यावर माझं पोट. गेल्या वर्षी नेमकी तिथंच सूज आली आणि ठुशीचे मणी वेडेवाकडे दिसायला लागले. थेंब झाले, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "लेझर करून बघू. मूळ आजार जाणार नाही. सूज उतरेलच अशीही खात्री नाही, आणि आहे ती नजर थोडी कमी व्हायचा धोकाही आहे." मी सही केली. अंदाजानं सुई चालवत बसायचं मला जमणार नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले होते. खोलीत अंधार केलेला. हनुवटी मशीनवर, कपाळ पट्टीला टेकवलेलं, डाव्या डोळ्यावर भिंग. "हलू नका, समोरच बघा," डॉक्टर म्हणाले आणि झगझगीत झटके सुरू झाले.

...आणि डावी बाजू उघडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बारा वर्षं जिथं काहीच नव्हतं तिथं भिंत दिसली, बेसिन दिसलं, बेसिनपाशी सिस्टर दिसली. एका पायातली चप्पल काढलेली, आणि खिडकीच्या पडद्याचं टोक डोळ्यांना लावून ती रडत होती. आवाज अजिबात नाही. अंधारात, आणि सगळं लख्ख!

माझ्या तोंडून गेलं, "सिस्टर, रडू नगासा."

डॉक्टर थांबले. भिंग काढून त्यांनी दिवा लावला. मी मान वळवली, तर पडद्याचं टोक अजून तिच्या हातात आणि एक पाय उघडा.

"ताई, तुमाला कसं दिसलं ओ?" तिनं चप्पल पायात सरकवत विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हुंदका ऐकू आला असेल. मेंदू बाकीचं चित्र भरून काढतो."

"मेंदूनं चप्पल पण भरली काय? मी बघितलो की!"

डॉक्टरांनी भिंग पुसायला घेतलं. ती का रडत होती ते मी विचारलं नाही, तो तिचा मामला.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. बाजूची नजर पहिल्यासारखीच, शून्य. माझी जाऊ म्हणाली, "पद्मावतीची ओटी भरूया." नवरा म्हणाला, "योगायोग हाय." दोघांनाही सांगितलं, डोळा माझा, त्याचं काय म्हणायचं ते मी बघेन.

सूज मात्र उतरली. मणी सरळ दिसायला लागले, काम सुरू झालं. दोन महिन्यांनी उजवा डोळा. तीच खोली, तीच सिस्टर. खोटं कशाला बोलू, या वेळी मी वाट बघत होते. झटके संपले तरी बाजूला काही नाही. काळंसुद्धा नाही, नुसतं नाही.

भिंग काढताना डॉक्टरांनी हळूच विचारलं, "आज... काही दिसलं?"

"न्हाई."

"अजून एकदा बगा की ताई," सिस्टर बाजूनं म्हणाली, "मी हितंच हुबी हाय."

मान न वळवता बघितलं. आवाज होता, माणूस नव्हतं. त्या दिवशीच का दिसलं, मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. पण म्हणून मी त्यातला एक शब्द मागं घेणार नाही.