सासूबाईंचे सोळा डबे

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मी दिवाळीची यादी करायला बसते. वहीच्या एका पानावर सामान, दुसऱ्यावर कामं, आणि शेवटच्या पानावर एक छोटी यादी: कोणाकोणाचे डबे आपल्या घरी पडून आहेत आणि ते कशाने भरून परत करायचे. समोरच्या मास्तरीणबाईंचा कडीचा डबा, त्यात अनारसे. नणंदेचा पितळी, त्यात बेसनाचे लाडू. वीस-बावीस वर्षांत ही सवय मोडली नाही.

गेल्या दिवाळीत यादी वेळेवर झाली, पण दिवाळी काही लागेना. मुलाचा पुण्याहून निरोप आला की सुट्टी मिळत नाही. मी तोवर चकलीची भाजणी दळून आणली होती. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "दोघांसाठी कायले एवढा कुटाणा करते? पावपाव किलो विकत आणू अन् मोकळे होऊ."

"दळण झालंय."

"मंग थालीपिठं लाव."

मला असल्या उत्तरांचा राग येतो. वर्षभर कार्यालयात आवक-जावक सांभाळायची, आणि घरी येऊन दिवाळी थालीपिठात संपवायची? पण खरं सांगायचं तर मलाही पहिली करंजी लाटायला हुरूप येत नव्हता.

सकाळी फिरायला जाते तेव्हा आमच्या पिपरी मेघेच्या शेवटच्या लेआउटपाशी, म्हणजे घरांचे प्लॉट संपतात तिथे, कापूस वेचायला जाणाऱ्या बायका ऑटोची वाट पाहत उभ्या असतात. पलीकडच्या वस्तीतल्या. डोक्याला फडकं, कमरेला ओटी बांधायचं जुनं लुगडं, हातात भाकरीचं गाठोडं. सातच्या आत त्यांचा ऑटो आंजीच्या रस्त्याला लागतो. दिवाळीच्या तोंडावर कापूस फुटलेला असतो, त्यामुळे त्यांना सणाचीही सुट्टी नसते. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहताना वाटलं, फराळ करायचाच आहे तर यांच्या घरी देऊ. वस्तीत घरं किती, विचारून घेतलं. सोळा.

सोळा म्हटल्याबरोबर पुढचं आपोआप ठरलं. माझ्याकडे सासूबाईंचे सोळा डबे आहेत. स्टीलचे, एकाच मापाचे, प्रत्येकाच्या झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. आमच्या घरची लेक लग्न होऊन निघाली की तिच्यासोबत शिदोरी याच डब्यांतून जाते. नणंदा गेल्या तेव्हा हेच डबे गेले. सासूबाईंनी ते जाताना थोरल्या जाऊबाईंना न देता मला दिले, कारण माझ्याकडे वस्तू हरवत नाहीत. मी तळाला लाल नेलपॉलिशने एक ते सोळा आकडेही टाकून ठेवलेत. डबे मला मिळाले ही गोष्ट बोरगाव मेघेला राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंना आजतागायत खटकते.

आणि त्यांच्याच मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी होतं. डबे लागणार होते. पण मध्ये चांगले पंधरा दिवस होते. पिशवीत करंज्या मोडतात, कागदाला तेल सुटतं, डबे रिकामे पडले आहेत. हिशेब सरळ होता. धोका एकच, की डबे परत यायला वेळ लागेल. त्यावर उपाय म्हणून मी प्रत्येक झाकणावर चिठ्ठी चिकटवली: "दिवाळीच्या शुभेच्छा. डबा चार दिवसांत परत करावा."

धनतेरसेच्या संध्याकाळी नवऱ्याला स्कूटरवर दोन थैल्या धरायला लावून आम्ही वस्तीत गेलो. पाऊण तासात सोळा घरं झाली. बायका नुकत्याच शेतातून येऊन चुली पेटवत होत्या. त्यांच्यातली वयाने मोठी, जी सकाळी ऑटोपाशी सगळ्यांना हाका मारून गोळा करते, ती झाकण उघडून म्हणाली, "अवो माय, अनारसेही केले तुमी!" परत येताना नवरा शीळ घालत होता. घरी आल्यावर कोणी न सांगता मी दारात रांगोळी काढली. ती दिवाळी मला त्या संध्याकाळी लागली, हे मी नाकारत नाही.

भाऊबीज झाली. एकही डबा आला नाही.

पाचव्या दिवशी मी नवऱ्याला पाठवलं. तो अर्ध्या तासात हात हलवत परत आला. "देतो म्हणतात."

"कधी?"

"देतो म्हणतात."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"सणाचा फराळ देऊन वसुली करायले माझं तोंड होत नाई. तू जा."

सातव्या दिवशी जाऊबाईंचा फोन. "डबे घासूनपुसून ठेवले ना बाई? नाई, तुझ्याकडे हरवत नाई म्हणून विचारून राह्यली." मी म्हटलं, आहेत. वहीत कोणत्या घरी कितव्या आकड्याचा डबा गेला ते लिहिलं होतं; सोळाही आकड्यांपुढची परतीची जागा कोरी. त्या रात्री मला काय काय सुचलं ते लिहायला लाज वाटते. भंगारवाला वस्तीतून दर आठवड्याला फिरतो, स्टीलला भाव आहे, असं सगळं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वही आणि रिकाम्या थैल्या घेऊन एकटीच गेले. आठवडी बाजाराचा दिवस म्हणून बायका घरी होत्या. पहिल्या घरी म्हणाल्या, "परवा देतो, मॅडम." दुसऱ्या घरी, "बुधवारी घेऊन जाजा." तिसऱ्या घरातली मला पाहून आतच गेली. चौथ्या घरी मला माझा डबा दिसला. भिंतीवरच्या फळीवर, गणपतीच्या फोटोशेजारी, लख्ख घासलेला. झाकणावर चिठ्ठी तशीच.

माझा आवाज चढला. "हा काय, इथेच तर आहे. रिकामाच आहे ना? द्या की मग!"

 आतल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. आवाज ऐकून ती वयाने मोठी बाई शेजारून आली.

"काऊन ओरडून राह्यल्या, मॅडम?"

"डबा परत हवाय मला. चार दिवस लिहिले होते, आज आठ झाले. घरात लग्न आहे."

"हिनं रिकामा कसा द्यावा?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सणाचा डबा हाय. तुमच्या घरी देतेत का रिकामा?"

 माझ्या हातात वही होती. वहीच्या शेवटच्या पानावर अनारसे आणि बेसनाचे लाडू होते.

ती थांबणारी नव्हती. "तुमची चिठ्ठी पोट्टीनं वाचून दाखवली. चार दिवसांत परत करा म्हणे. आम्ही म्हटलं, झालं आता! चार दिवसांत कुठून भरावं? सोळा घरी एकच घोर. हिनं काय केलं पाहा." तिने फळीच्या खालचं ताट उघडून दाखवलं. त्यात पाच करंज्या होत्या. "दहा केल्या होत्या. पाच तुमच्या डब्यासाठी उचलून ठेवल्या. पोट्ट्यांले हात लावू देल्ला नाई. अन् आता म्हणते, पाच करंज्यांनं डबा कसा दिसन, तळाले बसतीन. म्हणून देत नव्हती."

त्या ताटाकडे मला पाहवेना. "अहो, मी काही परत मिळावं म्हणून दिलं नव्हतं. तुम्ही रिकामाच द्या, मला चालेल."

"तुम्हाले चालन. आम्हाले नाई चालत."

"त्या करंज्या मुलांना द्या आधी."

"तेही तुमीच सांगसान?"

पाठीमागे कोणीतरी फिसकन हसलं.  माझ्या नात्यात, शेजारात, कार्यालयात कोणाचा डबा मी आजवर रिकामा पाठवलेला नाही. फराळ देताना मी सोळा डबे मोजले, सोळा घरं मोजली, करंज्या प्रत्येकी सहा मोजल्या. या घरांतही तोच रिवाज असेल हे एवढ्या सगळ्या मोजणीत माझ्या मनात आलं नाही. आणि वर मी मुदत घालून दिली होती! कागदात बांधून दिलं असतं तर तेल सुटलं असतं, बाकी काही झालं नसतं.

मला स्वतःचा राग आला आणि, लिहायचं म्हणून लिहिते, त्यांचाही आला. एवढा हट्ट कशाला? लग्न नऊ दिवसांवर. जाऊबाईंना काय सांगू?

मी झाकणावरची चिठ्ठी काढायला गेले. नखाने खरवडली तर अर्धीच निघाली. बाई म्हणाली, "राहू द्या. तेल लावून काढतो आम्ही."

मग मी थैल्यांची घडी घातली आणि म्हटलं, "तुमच्या सवडीने द्या. पुतणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी आहे, तिची शिदोरी याच डब्यांतून जायची आहे, एवढं सांगून ठेवते."

"असं सांगा ना मंग," ती म्हणाली. "लेकीचं काम हाय म्हणून. चिठ्ठीत थे लिहायचं होतं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. नुसतं म्हणाला, "माई असती तं तिनं केळीच्या पानात दिलं असतं." माई म्हणजे त्याची आई. ज्यांचे डबे, त्या. हे आता सांगून काय उपयोग, असं मी म्हणाले, आणि दिवसभर त्याच्याशी नीट बोलले नाही.

पुढचे दिवस मी रोज सकाळी फिरायला जाताना त्या कोपऱ्यावरून न जाता मागच्या रस्त्याने जायची. समोर आले तर त्यांना तगादा वाटेल. एरवी आठ हजार पावलं होतात, तेव्हा अकरा व्हायला लागली. जाऊबाईंचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या फोनला मी खरं सांगून टाकलं. 

"वस्तीत? सासूबाईंचे डबे?"

"हो."

"मले देल्ले असते डबे तं निदान घरात असते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. 

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फाटक वाजलं. बाहेर ऑटो उभा, आणि आत-बाहेर मिळून वस्तीतल्या बायका. ऑटोवाला घाई करत होता, "चला वो मावशी, दहिवर सुकून राह्यलं, कापूस थांबते का तुमच्यासाठी!" एकेक जण उतरून डबा माझ्या ओट्यावर ठेवायची आणि परत चढायची. बोलायला वेळ नव्हता. त्या मोठ्या बाईने एवढंच विचारलं, "उशीर तं नाई झाला?"

ऑटो गेल्यावर मी डबे उघडले. सीताफळं. आवळे. चुलीवर फुटाण्यासारखे भाजलेले हरभरे. अंबाडीची लाल बोंडं तीन डब्यांत, ती सोलायलाच एक सकाळ जाणार होती, आणि लग्न तीन दिवसांवर. एकात तांदळाच्या पिठीच्या, कडेने करपलेल्या करंज्या, बरोबर दहा. दुसऱ्या पाच तिने नंतर केल्या असणार. एका डब्यात खाण्याचं काहीच नव्हतं. त्यात कापसाच्या वाती होत्या, हाताने वळलेल्या, बारीक, गच्च दाबून भरलेल्या. शेतातली शेवटची ओंजळ वेचणाऱ्या बाईची असते, असं आमच्याकडे म्हणतात. डबा भरायला किती दिवस वळत बसली असेल, याचा मी अंदाज करू लागले आणि मग थांबले.

तळ पाहून वहीत खुणा केल्या. पंधरा. सात नंबर नव्हता. सात नंबर म्हणजे तिसरं घर, जिथली बाई मला पाहून आत गेली होती.

मी चप्पल घातली. फाटकापर्यंत गेले. वस्ती दहा मिनिटांवर. ती घरी असेल का, नसेल का, असली तर मी काय म्हणणार, हे सगळं फाटकाच्या कडीवर हात ठेवून मनात होऊन गेलं. मग परत फिरले आणि अंबाडीची बोंडं सोलायला बसले.

संध्याकाळी पंधरा डबे घासून, पुसून बोरगाव मेघेला नेले. घरभर पाहुणे होते. जाऊबाईंनी पलंगावर डबे मांडून मोजले. दोनदा मोजले.

"सोळावा कुठी?"

"भरायचा आहे त्यांचा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही कपाटात परतीचे डबे ठेवायचा एक खण आहे, हे मला ठाऊक आहे. मी शेवटच्या पानावर जसं लिहून ठेवते, तसं त्या लक्षात ठेवतात. काहीतरी टोमणा येईल म्हणून मी वाट पाहिली. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातून एक डबा घेऊन आल्या. स्टीलचाच, पण उभट. बाकीच्यांच्या ओळीत तो बसेना, थैलीत घातला तर बाजूचे दोन कलंडले.

"असाच जाऊ दे," त्या चिडून म्हणाल्या. "अन् तो सोळावा आला की मलेच आणून देजो. तुझ्याकडे नाई ठेवायचा."

मी हो म्हटलं. वहीत सात नंबरपुढे अजून जागा कोरी आहे.