झिंगू ढिवराचा चांदीचा बिल्ला

रुखमाबाई मेश्राम भांडायला उभी राहिली की आरमोरीच्या बाजारातले दुकानदार आधी वजनकाटा पुसून घेतात. बाई ठेंगणी, पण आवाज वैनगंगेपल्याड ब्रह्मपुरीला जाईल असा. जात ढिवराची, म्हणजे मासेमारांची, तरी जीव मासोळीपेक्षा कोशात, टसर रेशमात, जास्त. येनटोला या तिच्या वस्तीमागच्या जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर रेशमाचे किडे सोडायचे, कावळ्या-खारींपासून राखायचे, कोसे उतरवून सूत काढायचं, हे तिच्या बापाच्या घरचं काम. बापाला मुलगा नव्हता. बाईनं घरजावई आणला आणि येनाची राई आपल्याकडे ठेवली.

तीच राई तोडून तिथं सागवान लावायचं वनखात्यानं ठरवलं. वाचवायची तर वनहक्काचा दावा करायचा. असे दावे लिहून देणं आणि सरकारशी भांडणं हे माझं काम, म्हणून बाई माझ्याकडे आली. त्या कायद्यात आदिवासींना एक माप आणि ढिवरांसारख्यांना दुसरं: तुम्ही तीन पिढ्यांपासून या जंगलावर जगता, हे सिद्ध करा. कायदा करणारा कधी सापडला तर मी त्याला विचारणार आहे, जंगलातला माणूस पुरावा ठेवतो कुठं? झाडाच्या ढोलीत?

बाईजवळ जुनी म्हणावी अशी एकच वस्तू होती. तिच्या आज्याचा, झिंगू ढिवराचा, चांदीचा बिल्ला. रुपयाहून मोठा, वर इंग्रज राजाचं तोंड. घरात गोष्ट चालत आलेली की आजा राजाच्या लढाईवर गेला, मर्दुमकी गाजवली, म्हणून राजानं बिल्ला दिला. दरवर्षी किडे सोडायच्या दिवशी तो पहिल्या येनाला बांधायचा. मागची बाजू खोडाकडे. ती देवाची. तिला तेलात कालवलेला शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढून त्याची जाड साल झाली होती. राजाचं तोंड मात्र कोरडं, बाहेर.

"राजाले शेंदूर काऊन नाई बाई?" मी एकदा विचारलं.

"तो देव थोडीच हाय, भाऊ? त्याले पहाऱ्यावर बसवलं. आमच्यावर राज केलं ना, तं आता कावळे हाकल म्हनाव."

पहिल्या सुनावणीला बाईनं तो बिल्ला दावा तपासणाऱ्या साहेबांच्या टेबलावर टाणकन ठेवला. "माहा आजा राजाचा शिपाई होता!"

साहेब हसले. "बाई, आजोबा फौजेत होते, तर मग जंगलात कोसा कोण करत होतं?"

झालं. दावा लटकला. पुढच्या तारखेला पुरावा आणा, नाहीतर खारीज.

बाहेर येताच माझं डोकं फिरलं. "कोनं सांगतलं होतं लढाईचा पोवाडा गायाले? आपल्याच हातानं आपली राई तोडली तुमी!"

"बापानं सांगतलं तेच सांगतलं. माहा बाप काय झूठ बोलते?"

"बाप गेलता का लढाई पाह्याले?"

बसस्टँडच्या बाकड्यावर रुखमाबाई बिल्ला तळहातावर उलटापालटा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "भाऊ, लढाईचा बिल्ला आमी झाडाले काऊन बांधतो? लढाईचा असता तं बंदुकीले नाईतं तलवारीले बांधला असता. कोशाच्याच दिवशी काऊन?"

"मंग?"

"मंग काय? मांगून पाहू."

मागून पाहायचं म्हणजे शेंदूर काढायचा. टोल्यात बोभाटा झाला. तिचा चुलतभाऊ मुखरू, कोशाच्या वेळी पूजा करणारा, अंगणात येऊन उभाच राहिला. "देवाची साल काढतं? नखं लावलं, लोखंड लावलं, तं किडे मरतीन. साऱ्या टोल्याचे मरतीन."

"बरं, नखं नाई लावत. लोखंड नाई लावत," बाई म्हणाली. "कोसा कसा उकलतं तू?"

"राखेच्या पान्यात उकळून."

"त्यात पाप हाय का?"

कोशाचा डिंक सुटावा म्हणून राखेच्या पाण्यात उकळी द्यायची, त्याशिवाय सूत निघत नाही. ते काम तर देवाचं नाव घेऊनच करतात.

"नाई," मुखरू म्हणाला.

"तं मंग देवालेच म्हनतो, कोश्यासारका उकलून दे. नसन उकलाचं तं नोको उकलू."

चुलीवर मडकं चढलं. राख बाईची, पाणी बाईचं, हात मात्र मुखरूनं जोडले. पाणी खदखदलं, तशी लाली वर येऊ लागली. बाईनं बिल्ला काठीनं बाहेर काढून सुती फडक्यावर ठेवला. शेंदराची साल आपोआप सुटून फडक्यावर पडली. मुखरूनं ती नदीत सोडायला बाजूला घेतली. आणि चांदीवर दिसलं, पंख पसरून बसलेलं एक पाखरू.

"फुलपाखरू काय?" मी म्हटलं.

"कोश्याचं पाखरू हाय ते!" बाई किंचाळली. "पंखावरचे डोरे पाहा ना, भाऊ!"

पंखांवर खरंच डोळ्यांसारखे गोल होते आणि पाखराभोवती इंग्रजी अक्षरं. इंग्रजी मी दुकानांच्या पाट्यांवर आणि कोर्टाच्या नोटिसांवर शिकलो, त्यामुळे एकेक अक्षर लावत वाचलं: चांदा जिल्हा प्रदर्शन, १९१२. टसर कोशाचं पहिलं बक्षीस. झिंगू ढीमर (म्हणजे ढिवरच), येनटोला.

चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर. गडचिरोली तेव्हा त्यातच होती. आजा लढाईवर गेलाच नव्हता. कोसे घेऊन प्रदर्शनाला गेला होता.

"शिपाई नोयता तं," बाई हळूच म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून गरजली, "पहिला होता! साऱ्या जिल्ह्यात पहिला!"

दुसऱ्या सुनावणीत साहेबांनी बिल्ला डोळ्यांजवळ नेला. "हे काल सोनाराकडून कोरून आणलं नाही कशावरून?"

मी तोंड उघडणार, तोच बाईनं माझा दंड दाबला. पदराची पितळी टाचणी काढून तिनं एका अक्षराच्या खाचेतून दगडासारखा घट्ट लाल कण उचलला आणि साहेबांपुढे धरला. "सोनारानं कोरलं, तं अक्षराच्या पोटात हा जुना शेंदूर बी त्यानंच भरला काय?"

शेंदूर आपल्या डोळ्यांदेखत सुटला, अशी मुखरूनं साक्ष दिली. बिल्ला नागपूरच्या एका जाणकाराकडे तपासायला गेला. एकटा नाही, बाई सोबत. त्यानं भिंग लावून सांगितलं, नक्षी जुनी, ठसा त्याच काळातला, असे बिल्ले तेव्हाच्या प्रदर्शनांत देत. दावा मंजूर झाला. टोल्यात ढोल वाजले आणि मी, नाचता न येणारा माणूस, दम लागेपर्यंत नाचलो.

यंदा किडे सोडले त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत राईत शिरायला निघालो. काठावर वनरक्षक उभा होता. बाई झाडावरून ओरडली, "भाऊ, मासोळी खाऊन आले काय?"

"थोडीशी," मी म्हटलं.

"मंग थांबा तिथंच! किडा कोशात बसेपर्यंत मासोळी-मटन खानाऱ्याले आत मनाई हाय."

"आन हे?" मी वनरक्षकाकडे बोट दाखवलं.

"त्यानं कोंबडी खाल्ली. त्याले कवाचंच थांबवलं."

सरकारचा माणूस आणि सरकारशी भांडणारा माणूस, दोघंही मुकाट्यानं बांधावर बसलो. आत येनाच्या फांद्यांवर बाईचे किडे पानं कुरतडत होते.