एकाहत्तर गुणांची गाडी

माझ्या मामांना गाडी चालवता येत नाही. लायसन्सच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा गेलेच नाहीत, कारण परीक्षा घेणाऱ्याची पद्धत त्यांना पटली नाही. पण रेसच्या गाडीचं स्टिअरिंग कसं असावं, पुढच्या चाकांचा कल किती असावा, नाक किती निमुळतं असावं, हे त्यांना विचारावं. न विचारताही ते सांगतात.

या गाड्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या असतात. खोक्यात हजार-दीड हजार ठोकळे येतात, सोबत एक जाडजूड पुस्तिका. महिनाभर खपून हातभर लांबीची गाडी जोडायची, काचेच्या कपाटात ठेवायची आणि मग तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा हा छंद आहे. खोक्यावर ‘अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असं छापलेलं असतं. कुणी खेळणं म्हटलं की मामा खोकं फिरवून ती ओळ दाखवतात. पाहुण्यांना दाखवतात, मीटर बघायला आलेल्या माणसाला दाखवतात. एकदा आजीला, म्हणजे स्वतःच्या आईला दाखवली. ती म्हणाली, “बरं झालं लिहिलं. नाहीतर कळलं नसतं.”

पोटापाण्यासाठी मामा पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. दिवसभर व्हर्निअरने मापं घ्यायची आणि केसाएवढा फरक दिसला की ‘नापास’चा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. मामी म्हणतात, शिक्का मारून आलेल्या दिवशी यांच्या तोंडावर जे समाधान असतं ते आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

तोच व्हर्निअर घेऊन मामा छांदिष्टांच्या मंडळातही परीक्षक झाले. मंडळ तीस-पस्तीस लोकांचं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा भरणारं. नवी गाडी आली की ती मामा घरी नेऊन जोडणार, तपासणार आणि शंभरपैकी गुण देणार. चौदा वर्षांत त्यांनी ब्याऐंशीच्या वर कुणाला चढू दिलं नाही, आणि त्या ब्याऐंशीचीही त्यांना अजून रुखरुख आहे. अहवाल वाचून दाखवताना गाडी ज्याची, त्याने पहिल्या रांगेत गप्प बसायचं आणि शेवटी फक्त एक प्रश्न विचारायचा, असा तिथला रिवाज आहे. चांगले धट्टेकट्टे लोक त्या खुर्चीत बसून नखं खाताना मी पाहिले आहेत.

गेल्या वर्षी त्या खुर्चीत ड्रॉइंगच्या बाई बसल्या. त्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. शाळा, वह्या आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळून त्यांनी तीन वर्षांत जुन्या काळच्या लांबोडक्या रेसगाडीचा नमुना तयार केला होता. तेराशे बारा भाग, हिरवा रंग, तारांची वाटावीत अशी चाकं. छांदिष्टांसाठी मोजकीच खोकी काढणारी एक कंपनी तो बाजारात आणायला तयार झाली होती. अट एकच: मंडळाच्या परीक्षकाने ऐंशी गुण द्यायला हवेत. एकोणऐंशी आले तर बाईंची तीन वर्षं कपाटात जाणार होती. कंपनी एका नमुन्याकडे दोनदा बघत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

चाचणीचं खोकं आलं तसं मामांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. पुढचे चार आठवडे मामा-मामी मांडीवर ताटं घेऊन जेवले. स्टिकर लावताना पंखा बंद. हातात सुती मोजे. धूळ झटकायला मामींचा पावडरीचा ब्रश, तोही न विचारता घेतलेला. गाडीचा रंग, ठेवण, ठोकळ्यांची पकड, सगळ्याला मामांनी मन घट्ट करून बरे गुण दिले. मग पुढच्या चाकाखाली कोनमापक ठेवून स्टिअरिंग फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. चाक ढिलं होतं.

मंडळात त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. “या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं तर चाक आधी विचार करतं, मग वळतं.” लोक हसले. मामा हसणं संपेपर्यंत थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, स्टिअरिंगला पंधरापैकी तीन, एकूण एकाहत्तर.

बाई उठल्या. मला वाटलं आता त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी रिवाजाप्रमाणे एकच प्रश्न विचारला. “गाडी जोडून झाल्यावर ट्रेमध्ये काय काय उरलं?”

मामा म्हणाले, जे नेहमी उरतं तेच. बारीक भाग हरवतात म्हणून कंपनी प्रत्येकातला एखादा जादा घालते.

“एखादाच घालते,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि शुक्रवारी कंपनीला धाडतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी मामांकडे जेवायला गेले होते. मामांनी आम्हाला बाईंची नक्कल करून दाखवली. इतके कष्ट करून शेवटी विचारलं काय, तर ट्रे! मामी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करतात. त्यांनी ताट खाली ठेवलं, हात पुसले आणि टेबलावरचा ट्रे ओढून घेतला. मामांनी उरलेले भाग ओळीने लावले होते. एक तांबडी खुंटी, एक काळी खुंटी, एक पिवळी टोपी आणि बाहीच्या बटणाएवढ्या दोन राखाडी रिंगा.

“या दोन कशा?”

“जादाच्या आहेत गं.”

“बाकी सगळ्यांची एकेक आणि हिचेच एवढे लाड?” मामींनी एक रिंग उचलून उजेडात धरली. “अहो, नव्या शर्टाला आतून एक बटण जादा लावलेलं असतं. दोन हाताला लागली तर मी आधी शर्ट बघते, कुठे उघडा राहिलाय ते.”

मामांनी मग आम्हाला यांत्रिक भरणीची सगळी पद्धत समजावून सांगितली. भाग मोजत नाहीत, वजनावर भरतात, त्यामुळे एखाद-दुसरा इकडचा तिकडे होणारच, वगैरे. मामी मध्येच उठून भांडी घासून आल्या तरी मामा वजनावरच होते.

सोमवारी मामांनी रजा टाकली. अकरा वर्षांतली पहिली. कारखान्यात पोट बिघडल्याचं कळवलं. बुधवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा हिरवी गाडी अर्धी उरली होती. सहाशे ठोकळे रंगांप्रमाणे वाट्यांमध्ये पडले होते, घरातली एकही वाटी रिकामी नव्हती, आणि मामा पुस्तिकेचं एकशे त्रेचाळिसावं पान उघडून बसले होते. तिथे रिंग होती. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला ती घालायची, म्हणजे दांडा सरकत नाही. रिंगेसाठी वेगळी चौकट होती, चौकटीत ‘एक नग’ असंही छापलं होतं. मामा व्हर्निअरने चित्रातल्या रिंगेचं माप घेत होते.

“फार लहान काढलीय,” ते म्हणाले.

डॉक्टरांना फोन केला का, एवढंच मामींनी विचारलं.

“बघू.”

“बघू काय? शुक्रवारी जाईल ते पत्र. तिची तीन वर्षं आहेत त्यात.”

“आणि माझी चौदा? चौदा वर्षांत एकदाही गुण मागे घेतलेले नाहीत मी. उद्या जो तो उठेल आणि ट्रे दाखव म्हणेल.”

मामी वाट्या एकात एक घालायला लागल्या, मग आत ठोकळे आहेत हे लक्षात येऊन थांबल्या. “कारखान्यात चांगला भाग चुकून नापास झाला, तर काय करता तुम्ही?”

“पुन्हा मोजतो,” मामा सवयीने म्हणाले.

गुरुवारी त्यांनी फोन केला. उभं राहून केला, समोर कागद धरून. पुनर्तपासणीत असं आढळून आलं आहे की, पान क्रमांक एकशे त्रेचाळीसवरची रिंग आपल्या जागी नव्हती. वाक्याची रचनाच अशी होती की रिंग स्वतःच बसायची विसरली असावी. आता ती जागेवर असून स्टिअरिंग निर्दोष आहे, सबब पंधरापैकी तेरा. एकूण एक्याऐंशी. मात्र पुस्तिकेतलं चित्र पुरेसं लक्ष वेधून घेत नाही, म्हणून एक गुण वजा.

डॉक्टर पलीकडून म्हणाले असावेत की तो एक राहू द्या की. मामा म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाले, “नाही, ऐंशीच्या खाली जात नाही. मोजलंय मी.”

पुढच्या सभेत डॉक्टरांनीच नवे गुण वाचले. मामांच्या घशाला त्या दिवशी त्रास होता. बाई पुन्हा पहिल्या रांगेत होत्या. प्रश्नाची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘काही नाही’ अशी नुसती मान हलवली, आणि मामांनी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की मागच्या रांगेत मला ऐकू आला.

सात महिन्यांनी खोकी बाजारात आली, झाकणावर बाईंचं नाव. बाईंनी एक खोकं मामांना भेट पाठवलं. त्यातल्या पुस्तिकेचं एकशे त्रेचाळिसावं पान नव्याने काढलं होतं. रिंग बशीएवढी, तिच्याकडे जाणारा लाल बाण, आणि खाली सुंदर अक्षरात एक ओळ: ‘हा भाग बसवल्याशिवाय गाडीला गुण देऊ नयेत.’

माणूस अशा पानाने खजील होतो. मामांनी ते फ्रेम करून काचेच्या कपाटाशेजारी लावलं. आता कुणी घरी आलं की आधी ‘अठरा वर्षांवरील’ची ओळ आणि मग हे पान. ही सुधारणा माझी, असं ते सांगतात. पाहुणे मान डोलावतात.

“खरंच यांची आहे,” मामी आतून सांगतात. “यांच्याशिवाय कुणाला गरज पडली असती?”