गाडीतली खुळखुळ

माझा दादा सगळं नीट करतो. त्याच्याविषयी माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाही.

तो वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवून तोलतात तेसुद्धा. दुकानदार कुरकुरतात, पण दादाचा हात लागलेला काटा खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लीत त्याला ‘गुंजभर’ म्हणतात, कारण गुंजभरही इकडचं तिकडे झालेलं त्याला खपत नाही. हे कामापुरतं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्याच्या घरी टेबल डुगडुगत असेल तर हा बोलता बोलता खाली वाकतो आणि पायाखाली कागदाची घडी सरकवतो. वहिनीच्या माहेरी पहिल्यांदा गेला तेव्हाही त्याने हेच केलं. तिच्या वडिलांना वाटलं, याचं काहीतरी पडलं असेल, म्हणून तेही वाकले. सासरे-जावयांची पहिली ओळख टेबलाखाली झाली.

मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते, आणि मत द्यायला खाली येते. मत कोणी घेत नाही, पण म्हणून मी देणं सोडलेलं नाही.

आमच्या जिन्याखाली बाबांची मोटारसायकल होती. बाबा विजेचे मीटर वाचायला गावभर हिंडायचे ते तिच्यावरूनच. संध्याकाळी ते छापखान्याच्या वळणावर आले की आई हातातलं काम टाकून दाराशी जायची. गाडी दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावर. आम्ही दोघं तेवढ्यात पत्ते लपवून पुस्तकं उघडायचो. मग बाबा गेले आणि गाडी जिन्याखाली गेली. तिच्यावर आधी चादर आली, मग छत्र्या, मग कांद्यांची टोपली, मग पुढेमागे फेकून देऊ म्हणून ठेवलेलं सगळं. आई त्यानंतर दाराशी गेली नाही. पुढे काचबिंदूने तिची नजर गेली, तेव्हा आतल्या खोलीत खाटेवर जी बसली ती बसलीच. बाहेरच्या खोलीत येऊन बस म्हटलं की म्हणायची, तिथे काय वेगळा अंधार आहे का.

दादाला हे सहन होत नव्हतं. तो बोलत नाही, पण डुगडुगत्या टेबलाकडे जसा पाहतो तसाच आईकडे पाहायचा. एक दिवस त्याने कांद्यांची टोपली उचलून वहिनीच्या हातात दिली आणि जाहीर केलं की गाडी चालू करायची. आईने तो आवाज ऐकून एकदा दाराशी यावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्याने फक्त मला सांगितलं, आणि मी अर्थातच वहिनीला.

आमच्याकडे गॅरेज नाही. बाहेरची खोली आहे. सोफा उभा करून भिंतीला लावला आणि पाहुण्यांनी कुठे बसायचं हा प्रश्न सुटला, कारण पाहुणे यायचे थांबले. गाडीचा प्रत्येक भाग सुटा होऊन वर्तमानपत्रांवर पसरला गेला. घरभर रॉकेलचा वास. कार्ब्युरेटर वहिनीच्या पातेल्यात उकळला. वहिनीने ते पातेलं पुन्हा वापरलं नाही आणि त्याबद्दल बोलणंही सोडलं नाही. सायलेन्सरमध्ये उंदराचं जुनं घर निघालं, तेही कापसाने आणि माझ्याच जुन्या ब्लाउजच्या चिंध्यांनी नीटनेटकं लावलेलं. दादा ते काढताना जरा हळहळला, कारण काम चांगलं होतं.

गंज घासून काढण्यात दादाचं मन रमलं. चाकाचा प्रत्येक स्पोक त्याने बोटाने वाजवून पाहिला आणि सगळ्यांचा सूर एक होईपर्यंत आवळला. जिथे वायसर झिजलं होतं तिथे नवं आलं, जिथे पत्रा हलत होता तिथे खाली रबर बसलं. टाकीवर मोठा पोचा होता. लहानपणी दादा पुढे टाकीवर बसायचा आणि बाबांनी एकदा करकचून ब्रेक मारला, तेव्हा त्याच्या कपाळाने पडलेला. दादाने तो आतून ठोकून उचलला, वर लांबीची पुट्टी भरली आणि असा घासला की जागा सापडेना. सीटला मी नवं कव्हर शिवलं. मशीनच्या सुया मोडल्या त्या मोडल्या, पण शिलाई सरळ आली. आई आतून विचारायची, काय चाललंय रे. दादा म्हणायचा, बाबांची गाडी नीट करतोय. करा, म्हणायची आई.

शेवटी गाडी उभी राहिली. मी दादावर सहसा खूश नसते, पण त्या दिवशी होते. बाबांनी नवी घेतली तेव्हाही ती इतकी देखणी नसावी. किक मारली की एका झटक्यात सुरू, आणि आवाज कसा, तर सुपारी कातरल्यासारखा बारीक, एकसारखा.

दादा ती घेऊन छापखान्यापलीकडे गेला आणि तिथून, बाबा यायचे तसा, वळून आला. मी आणि वहिनी आईच्या खोलीच्या दारात उभ्या. गाडी आली, दाराशी थांबली, बंद झाली. आई खाटेवर बसून वेणीची टोकं विंचरत होती. तिने विचारलं, समोरच्यांकडे कोणी आलंय का.

दादाने आत येऊन तिला हाताला धरून बाहेर नेलं. तिने गाडीला हात लावला. टाकीवरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा, सावकाश. सीटची शिलाई चाचपली. वाकून बाजूच्या हत्यारांच्या पेटीपर्यंत गेली, तिथे बोटं जरा थांबली, आणि मग ती सरळ उभी राहिली.

“छान आहे,” ती म्हणाली. “कोणाची?”

दादा म्हणाला, आपलीच, बाबांची. आईने पुन्हा एकदा टाकीवर हात ठेवला. मग तिने त्याचा हात शोधून हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात, रागावून नव्हे, म्हणाली, “अरे, दुकानदारांना कधी खोटं वजन दिलं नाहीस. मला आंधळीला देतोस?”

आणि भिंतीला हात लावत आत गेली.

मला आईचा संताप आला. मी आत जाऊन तिला चार शब्द सुनावले. एवढी मरमर केली त्या माणसाने, आणि तू त्याला लबाड म्हणतेस? ती म्हणाली, मी लबाड म्हटलं नाही, त्याला माझी दया आली असेल, म्हणून दुसरी आणली. पालथ्या घड्यावर पाणी. मी वर निघून गेले.

दादाने त्यानंतर काही केलं नाही, हेच वाईट होतं. तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा. एकदा जेवताना आमचंच टेबल डुगडुगत होतं. आमटी एका अंगाने सांडायला आली तरी त्याचं लक्ष नव्हतं. वहिनी घाबरली. तिने मला वर येऊन सांगितलं, वन्सं, यांना डॉक्टरकडे नेऊ या, टेबल हलतंय आणि हे बघत नाहीत.

मी खाली गेले आणि विषय काढला. मुळात घोडं कुठे पेंड खातंय ते पाहायला हवं होतं. आईला डोळे नाहीत. तिच्यासाठी गाडी म्हणजे हात आणि कान. हाताला पोचा लागला नाही, कानाला ओळखीचा आवाज आला नाही. मी म्हटलं, तू गाडी नीट केली नाहीस, तू ती पुसून टाकलीस. हे जरा जास्तच झालं, पण मी बोलून गेले. दादाने ऐकून घेतलं. मग उठला, हातोडी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला आणि टाकीसमोर उभा राहिला. हातोडी उचलायचा, खाली आणायचा. आपणच गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर घाव घालणं त्याला जमेना. मी म्हटलं, हातोडी राहू दे, कपाळ अजून शाबूत आहे. तो हसला नाही. हातोडी जागेवर ठेवून आला.

राहिला आवाज. तो कसा होता यावरच आमचं एकमत होईना. मला आठवत होती खुळखुळ. दादा म्हणायचा, खुळखुळ नव्हे, टकटक, आणि ती फक्त खड्ड्यांतून. कशाची होती ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. दादाने लावलेली रबरं एकेक करून काढली आणि गाडी गल्लीत फिरवून आणली. मडगार्ड थरथरलं, पण ते कुठल्याही गाडीचं थरथरतं. तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मला त्याच्याविषयी फार वाईट वाटलं आणि ते लपवायला मी त्याला म्हटलं, हात धुऊन ये, जेवायला वाढते. वहिनीला बरं नव्हतं, म्हणून त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे होता.

मीठ घालायला मी बरणीत हात घातला आणि चमचा बाहेर काढला. आईच्या जुन्या सहा चमच्यांतला, दांडीच्या टोकाला फूल असलेला. पण याची मान एका बाजूने अर्धी झिजली होती. मिठाने चमचा काळा पडतो, असा कुरतडल्यासारखा झिजत नाही. वहिनीला विचारलं, हा कुठून आला. ती पडल्या पडल्या म्हणाली, यांनीच दिला, गाडीत निघाला म्हणून.

दादाला बोलावलं. त्याने चमचा पाहिला आणि मग बाहेरच्या खोलीतल्या गाडीकडे पाहिलं. हत्यारांच्या पेटीची कडी तुटलेली होती. तिच्या जागी कोणीतरी चमचा वाकवून अडकवला होता. दादाने पेटीला नवी कडी लावली, चमचा काढला, व्हाइसमध्ये धरून सरळ केला, चकचकीत केला आणि स्वयंपाकघरात नेऊन दिला. चमच्याची जागा स्वयंपाकघरात असते. दुसऱ्या कोणीही तो भंगारात टाकला असता. आम्ही आवाज शोधत गल्ल्या पालथ्या घालत होतो आणि तो रोज आमच्या आमटीत मीठ घालत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

जेवण राहिलं. दादाने चमचा पुन्हा वाकवला, नवी कडी काढून तो तिथे अडकवला आणि गाडी हलवली. आवाज नाही. त्याने पुन्हा काढला, जरा उघडला, पुन्हा बसवला. आवाज नाही. त्याच्या हाताला सैल काम येतच नव्हतं. दर वेळी चमचा असा चपखल बसायचा, जणू कारखान्यातून तसाच आलाय. चौथ्या वेळी माझा संयम संपला. त्याला बाजूला हो म्हटलं, पक्कड घेतली, चमचा कसातरी मुरगाळला आणि ढिला टांगून दिला. दादाने तोंड फिरवलं. गाडी हलवली, आणि पेटीचं झाकण खुळखुळलं.

दादा गाडी घेऊन गेला.

मी आईच्या खोलीत गेले आणि उगाच चादरीच्या घड्या घालायला लागले. वळणावर आधी इंजिन ऐकू आलं. मग छापखान्यासमोरच्या गटाराच्या फुटक्या झाकणावरून गाडी गेली, आणि मागोमाग खुळखुळ, थांबून पुन्हा खुळखुळ. दादाची टकटकही तीच होती, हे मला तेव्हा कळलं. फक्त तो टाकीवर बसून ऐकायचा आणि मी घरातून.

आई उठली. मी हात द्यायला गेले तर तिने तो झटकला. बाहेरच्या खोलीतून, उभ्या करून ठेवलेल्या सोफ्याला खांदा घासत, ती थेट दाराशी गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली. गाडी समोर येऊन थांबली. दादा उतरला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचे दोन्ही हात हँडलवर होते, म्हणून ते तसंच वाहत राहिलं.

आई दोन पायऱ्या उतरली, वाकली, पेटीवरचा चमचा चाचपला, झिजलेल्या मानेवर अंगठा फिरवला.

“हा मी बसवला होता,” ती म्हणाली. “तुझा बाप वेड्यासारखा चालवायचा. धड परत आला की नाही, ते मला वळणावरच कळायला हवं होतं.”

मी विचारलं, मग त्या दिवशी चमचा कुठे आहे म्हणून विचारलं का नाहीस? इतके दिवस मूग गिळून का बसलीस?

“विचारलं असतं,” आई म्हणाली, “तर याने दुसरा आणून लावला असता. तोही अगदी नीट.”

आईने त्याचा खांदा शोधला, मागच्या सीटवर एका बाजूने बसली, पदर खोचला आणि म्हणाली, तलावापर्यंत चल, आणि सावकाश. माझ्या शिलाईबद्दल एक शब्द बोलली नाही.

ते गेले. खुळखुळ वळणापर्यंत ऐकू आली आणि मग बंद झाली. मी दारातच उभी राहिले. आत कामं पडली होती, आमटी गार होत होती, पण मला आत जाववेना. तलाव काही लांब नाही. तरी मी वळणाकडे कान लावून होते. एक म्हातारी, डोळ्यांनी आंधळी, आणि पुढे रडत गाडी चालवणारा माणूस. आई इतकी वर्षं रोज संध्याकाळी या दारात नेमकं काय करायची, ते मला त्या दिवशी कळलं. ती बाबांचं स्वागत करत नसे. ती भीत असे.

वहिनी कपाळाला पट्टी बांधून बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. मग वळणावर खुळखुळ वाजली.

“आले,” वहिनी म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.