एक गाडी, दोन सह्या

पतसंस्थेच्या काउंटरवर पंधरा वर्षं बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. लोक पासबुकाबरोबर अख्खं घर खिडकीतून आत सरकवतात! हळदीकुंकवाला बायका विचारतात, "काय गं, नवीन काय?" मग मी कामथडीच्या सचिन-रोहिणीचं सांगते. नावं अर्थात बदललेली.

दोघांनी मिळून गाडीचं कर्ज काढलेलं. एकाच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून दोघंही कर्जदार. दोन वर्षांनी गाडी टकाटक होती, संसार मात्र बंद पडला. रोहिणी लेकीला घेऊन मार्गासनीला माहेरी आली, तिकडची नोकरीही सुटली. तिला पोट भरायला मिरची कांडपाचं मशीन घ्यायचं होतं. त्यासाठी कर्ज हवं, आणि नाव तर गाडीच्या कर्जात अडकलेलं.

"ताई, माजं नाव तेवढं काढा की. आमी वेगळं झालो."

आमचे मॅनेजर साहेब मान वर न करता म्हणाले, "तुम्ही वेगळे झालात हो. कर्ज अजून एकत्रच नांदतंय!"

*

मग दोन्हीकडची मोठी माणसं बसली. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलं : गाडी सचिनची, हप्ते सचिनचे, रोहिणीचा काही संबंध नाही. खाली अकरा सह्या. रोहिणीचे वडील तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून घेऊन आले.

साहेबांनी दोनदा वाचला. "पाव्हणं, अकरा सह्या आहेत. पण पैसे ज्यांनी दिले, त्यांची कुठंय?"

वडील म्हणाले, "तुमाला बोलवायचं ऱ्हायलंच बघा!"

*

कागद चालला नाही म्हटल्यावर रोहिणीचा भाऊ अडून बसला. नाव निघत नाही ना, मग गाडी पण निम्मी आमची! पंधरा दिवस कामथडीला, पंधरा दिवस मार्गासनीला असं ठरलं. पण रोहिणीच्या माहेरी गाडी येते कुणाला? सचिनच यायचा गाडी घेऊन. किल्ली सासूच्या हातात द्यायचा, चहा प्यायचा आणि एसटीनं परत जायचा.

एकदा न्यायला आला तर गाडीच्या टपावर, बॉनेटवर कुरडया वाळत घातलेल्या.

"मामी, ही काय जागा झाली का?"

"आमच्या वाटणीचं पंधरा दिस आज सांजंपातूर हायेत. कुरडया वाळल्याबिगर गाडी हलायची न्हाई!"

जावई बिचारा संध्याकाळपर्यंत कावळे हाकत बसला.

*

त्या रागानं त्यानं हप्ता भरणं बंद केलं. मी फोन केला तर म्हणाला, "न्हाई भरत. जाऊ द्या तिचं नाव थकबाकीदारांत. मग बघू कोण देतंय मशीनला कर्ज!"

मी म्हटलं, "दादा, तुमचं पण नाव जाईल. कर्ज दोघांचं आहे."

त्यानं आवाज खाली आणला.

"नुसतं तिचंच जाईल असं काय करता येत न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी हप्ता जमा!

*

शेवटी गाडी विकून कर्ज मिटवायचं ठरलं. वेल्ह्याचे एक गुरुजी घ्यायला तयार झाले. कर्ज दोघांचं, म्हणून सह्यांना दोघंही हजर. बाकाच्या या टोकाला हा, त्या टोकाला ती. गुरुजी चौकस माणूस. "गाडी तर चांगली दिसतेय. मग विकताय का?"

दोघं एकदम बोलले, "लावायला जागा न्हाई!"

कामथडीला याच्या घरापुढं दोन एकर मोकळं रान, मार्गासनीला तिच्या दारात एसटी वळेल एवढं अंगण. पण वर्षभरात दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

*

कर्ज फिटलं, रोहिणीचं नाव मोकळं झालं आणि मशीनचा अर्ज आला. आता हवा एक जामीनदार. वडील वयात बसेनात. भाऊ म्हणाला, "सही सोडून काय बी माग." चुलता मोबाईलच उचलेना. साहेबांनी सांगितलं, "शनिवारी दुपारपर्यंत जामीनदार आणा, नाहीतर अर्ज परत करावा लागेल."

शनिवारी सकाळपासून रोहिणी बाकावर बसून होती. बाराला अर्ज परत द्यायला मी फाईल काढली, तेवढ्यात सचिन आत आला, कुणी कळवलं कोण जाणे. हातात पगाराची स्लिप. तिच्याकडं न बघता थेट माझ्या खिडकीशी.

"ताई, जामीनदार म्हणून मी चालतो का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कागदपत्रं बरोबर असतील तर चालतो."

मी फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, पगार लिहिला. पुढचा रकाना, अर्जदाराशी नातं. तिथं माझं पेन थांबलं. रोहिणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

"काय लिहू?" मी हळूच विचारलं.

सचिननं जरा डोकं खाजवलं.

"लिवा... जुना सहकर्जदार."